दुष्काळी कॅम्पातले एअर फिल्टर

"ऑइल कधी टाकलं होतं?" मी विचारलं.

"काल सकाळी अर्धा लिटर टाकलं साहेब. आदल्या दिवशीबी टाकलं होतं."

"मग पट्टीला लागत का नाही?"

माधव सोनकांबळेने वाकून पट्टी पाहिली. त्याची जीप आमच्या रॅम्पवर होती आणि मी इंजिनची ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, त्याच्या तोंडासमोर धरली होती. पट्टीच्या टोकाला काळं, घट्ट काहीतरी चिकटलेलं होतं. बाकी कोरडी. शेजारी त्याची मोठी बहीण शकुंतला सिस्टर उभी होती. लातुरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात ती नर्स होती. दहा वर्षं नोकरी करून तिने ही जीप घेतली होती आणि टंचाईच्या कामांसाठी ऑफिसला भाड्याने लावली होती. माधव ती चालवायचा. जीपला अजून वर्षही झालं नव्हतं आणि इंजिन संपलं होतं.

"साहेब, वरून टाकलं तरी कमीच व्हायलंय. म्हणूनच तर घेऊन आलो," माधव म्हणाला.

सगळे ड्रायव्हर असंच सांगतात, असं तेव्हा माझं मत होतं. मी इंजिन चालू करायला सांगितलं आणि ऑइल टाकायचं झाकण काढलं. आतून चुलीसारखा धूर आला. याला आमच्यात ब्लो-बाय म्हणतात. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला लायनर म्हणतात. पिस्टनवरच्या रिंगा आणि लायनर झिजले, की वरचा जाळ फटीतून खाली उतरतो आणि झाकणातून बाहेर येतो. झिजलेलं इंजिन ओढत नाही, धूर सोडतं आणि ऑइल पितं.

ही शेवटची गोष्ट मला पाठ होती. झिजलेलं इंजिन ऑइल पितं. तरीही त्या दिवशी मी उलटा हिशेब केला. ऑइल कमी पडलं म्हणून इंजिन झिजलं, असं धरलं.

कंपनीच्या वॉरंटी फॉर्ममध्ये कारणाचा रकाना असतो. वर्षाच्या आत काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते, पण गाडी वापरणाऱ्याची चूक असेल तर नाही. त्या रकान्यात मी लिहिलं, 'चालकाचा निष्काळजीपणा. ऑइलची पातळी राखली नाही.' खाली सही केली. एस. पी. वाघमारे, सर्व्हिस इन्चार्ज.

सिस्टरने फॉर्म दोनदा वाचला. "हे नक्की का सर?"

"नक्की."

ती भावाकडे वळली. वर्कशॉपात सात-आठ माणसं होती. "चावी दे," ती म्हणाली.

माधवने चावी बॉनेटवर ठेवली आणि गेटातून बाहेर पडला. मी पुढच्या गाडीकडे गेलो.

मी मूळचा कंधारकडचा. नांदेडला डिप्लोमा केला, तिथल्याच एका डीलरच्या वर्कशॉपात लागलो. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या मालकांनी तिथे शाखा काढली आणि मला इन्चार्ज करून पाठवलं. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं आणि नवे साहेब. साहेबांना गाड्या लागायच्या. ज्यांच्या घरात सायकलपलीकडे काही नव्हतं, अशांनीही कर्ज काढून जीपा घेतल्या आणि ऑफिसांना लावल्या. त्यातच लागोपाठ दुष्काळ पडला. तलावांची कामं निघाली, टँकर निघाले, आणि त्या सगळ्यांवर देखरेख करायला या जीपा मुरमाच्या रस्त्यांवरून दिवसभर पळू लागल्या. निलंग्याहून किल्लारीला आणि किल्लारीहून औशाला. संध्याकाळी गाडी आली की तिचा रंग ओळखू यायचा नाही.

मला वाटलं, आपण काहीतरी करावं. इंजिन हवा ओढतं, आणि हवेतली धूळ अडवायला त्याच्या तोंडाशी फिल्टर असतो. तो तुंबला तर गाडी ओढत नाही. म्हणून मी मालकांना सांगून दर पंधरा दिवसांनी शनिवारी 'दुष्काळी कॅम्प' सुरू केला. कुणीही यावं, फिल्टर फुकट साफ करून न्यावा. पाणी नव्हतं, धुलाई बंद होती, पण कॉम्प्रेसरची हवा फुकट होती. चाळीसेक जीपा यायच्या. इथल्या एका पेपरात मालकांचा फोटोसुद्धा आला, हातात हवेची नळी धरलेला. मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी तो फोटो फ्रेम करून केबिनमध्ये लावला.

माधवच्या जीपनंतर तीन आठवड्यांनी निलंग्याची एक जीप आली. तीच तक्रार, धूर आणि ऑइल कमी. ड्रायव्हर नवखा होता. मी पुन्हा तेच कारण लिहिलं.

मग औशाचे जनावरांचे डॉक्टर आले. गाडी स्वतः चालवायचे, स्वतः पुसायचे. मी झाकण काढलं तर तसाच धूर.

"ऑइल बघता का रोज?" मी विचारलं.

"माझ्या म्हशींची नाडी बघत नाही इतक्या वेळा ऑइल बघतो," डॉक्टर म्हणाले. "दोन महिन्यांपासून वरून टाकायलोय. आता काय लिहिणार? चालकाचा निष्काळजीपणा? चालक मीच हाय."

त्यांना कुठून कळलं असेल? शहर लहान होतं. वाघमारे काय लिहितो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं असावं. मी म्हणालो, "दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत मी दोन्ही फॉर्म पुन्हा काढून वाचले. माधवचं वाक्य आठवत होतं. वरून टाकलं तरी कमीच व्हायलंय. तीन गाड्या, तीन वेगळी माणसं, सगळे एकच सांगत होते. तिघे खोटं बोलतात, किंवा मी एकटा चुकतो.

आमचे हेडमिस्त्री महेबूबभाई. वयाने माझ्या वडिलांएवढे, उदगीरचे. त्यांनी डॉक्टरांच्या जीपचा फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा पाइप खोलला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर तांबूस पावडर होती. पिठापेक्षा बारीक.

"साब, ही धूळ फिल्टरच्या पुढं कशी काय आली?"

फिल्टरच्या अलीकडे धूळ असतेच. पलीकडे तिचा कणही नको. ती पलीकडे गेली की ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी लायनर घासते. इंजिन बाहेरून नवं दिसतं आणि आतून म्हातारं होतं.

"फिल्टर फाटलाय का?"

"फिल्टर तर चकाचक हाय. परवाच्या कॅम्पात मीच हवा मारलीय."

मी जॉबकार्डांचा गठ्ठा काढला. जॉबकार्ड म्हणजे गाडीवर काय काम केलं त्याचा कागद. डॉक्टरांची जीप कॅम्पला पाच वेळा आली होती. निलंग्याची चार वेळा. माधवची जीप प्रत्येक कॅम्पला आली होती, एकही शनिवार चुकला नव्हता. मी ती कार्डं पुन्हा मोजली. ज्याला मी निष्काळजी लिहिलं, तोच सगळ्यांत काळजीने येत होता.

त्याच दिवशी एका ऑफिसची जीप ब्रेकच्या कामाला आली होती. ही गाडी वर्षभर कुठेच दाखवलेली नव्हती. मी तिचा फिल्टर काढला. धुळीने गच्च, हातात घेतला तर ढेकूळ पडलं. महेबूबभाईंना म्हणालो, कॉम्प्रेशन बघा. कॉम्प्रेशन म्हणजे इंजिन हवा किती दाबू शकतं त्याचं माप. त्यावरून झीज कळते. त्यांनी गेज लावलं आणि मला हाक मारली. काटा नव्या इंजिनाच्या जागी होता.

मळक्या फिल्टरचं इंजिन ठणठणीत. साफ फिल्टरची तीन इंजिनं गेलेली.

मी डॉक्टरांच्या जीपचा फिल्टर घेऊन सुट्या पार्टच्या खोलीत गेलो. तिला खिडकी नव्हती. दार लावलं, वायरीला बल्ब जोडला आणि फिल्टरच्या पोकळ मधल्या भागात सोडला. हा फिल्टर कागदाचा होता, घड्या-घड्यांचा, गोल. चांगल्या फिल्टरमधून नुसता पिवळसर उजेड दिसायला हवा. यातून ठिकठिकाणी टाचणीएवढे पांढरे ठिपके चमकत होते. पत्र्याच्या घरात भर दुपारी जुन्या खिळ्यांच्या भोकांतून ऊन येतं, तसे.

महेबूबभाई वाकून बघत होते. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

जुन्या जीपला जाळीचा फिल्टर असायचा, खाली ऑइलची वाटी. ती जाळी डिझेलमध्ये बुडवायची आणि कॉम्प्रेसरची हवा पुऱ्या जोराने मारायची. आम्ही सगळे त्यावरच शिकलेलो. नव्या जीपला कागद आला, पण आमचे हात जुनेच राहिले. टायर भरायच्या दाबाने आम्ही कागदावर हवा मारत होतो, आणि तीही बाहेरून. प्रत्येक शनिवारी थोडी थोडी भोकं पडत गेली. मी टेबलाच्या खणातून नव्या जीपचं मॅन्युअल काढलं. ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की हवा कमी दाबाने, आतून बाहेर, लांबून मारावी. दोनतीनदा झालं की फिल्टर बदलावा.

ते वाचायचं काम माझं होतं. महेबूबभाईंना इंग्रजी येत नव्हतं.

मी सरळ भाऊंच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"कॅम्प कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"फोटो कुणाचा छापून आला?"

"तुमचा."

"मग दोघांनीबी गप बसायचं. कॅम्प बंद कर. धूळ लई हाय म्हणून इंजिनं गेली. दुष्काळ काय तू आणलास का?"

"भाऊ, चाळीस गाड्या अजून त्याच फिल्टरवर पळतायत. आज बदलले तर बऱ्याच वाचतील. रोजचा दिवस त्यांना घासतोय."

भाऊ धंद्याचे पक्के होते, पण वाईट नव्हते. शिल्लक फिल्टर किती आहेत ते त्यांनी विचारलं. "फिल्टर बदल. फुकट बदल. नवीन माल आलाय म्हणून सांग. पण कागदावर काही लिहू नको."

पुढचे चार दिवस मी आणि महेबूबभाई मोटारसायकलवर जीपा शोधत फिरलो. आमच्याकडे नऊच फिल्टर होते. बाकीचे नांदेडहून एसटीच्या पार्सलने मागवले. टँकर भरायच्या विहिरीपाशी, ऑफिसच्या अंगणात, तलावाच्या कामावर, जिथे जीप दिसेल तिथे थांबायचं, बॉनेट उघडायचं, जुना काढून नवा बसवायचा. लोक चहा पाजायचे. म्हणायचे, तुमच्यासारखी सर्व्हिस न्हाई कुठं. मी चहा अर्धा ठेवून पुढच्या जीपकडे निघायचो.

पाचव्या दिवशी मी प्रसूतिगृहात गेलो. शकुंतला सिस्टरची ड्युटी संपत होती. बाकावर बसून मी तिला पहिल्यापासून सांगितलं. बल्ब, भोकं, मॅन्युअल. भावाची काही चूक नव्हती, उलट तो शिस्तीने येत राहिला म्हणून त्याचं इंजिन आधी गेलं, हेही सांगितलं.

तिने टोपीची पिन काढली.

"सर, तुम्हाला एक सांगू? फॉर्म दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मी भांडले असते. खाली वाघमारे वाचलं. म्हटलं, आपल्यातला माणूस, शिकून इंजिनिअर झालेला, तो कशाला खोटं लिहील. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलंच न्हाई."

"तुम्ही विचारलं होतं. नक्की का म्हणून."

"आणि तुम्ही नक्की म्हणालात."

"माधव आता कुठे आहे?" मी विचारलं.

"तो मुदखेडला हाय," ती म्हणाली. "मालधक्क्यावर पोती उचलतोय. मी दोन पत्रं टाकली. उत्तर न्हाई. मी गेले तर येणार न्हाई. तुम्हीच जा."

मुदखेड जंक्शनच्या मालधक्क्यावर माधव सापडला. डोक्यावर पोत्याची खोळ, अंगभर सिमेंट. मला बघून त्याने पोतं खाली ठेवलं नाही. ते वॅगनमधून ट्रकपर्यंत नेलं, टाकलं आणि मगच आला.

"इंजिन तुझ्यामुळं गेलं नाही," मी म्हणालो. "आमच्यामुळं गेलं. माझ्यामुळं."

मी समजावून सांगितलं. गाडीचा माणूस असल्याने त्याला अर्ध्यातच कळलं.

"मी सांगत होतो ना साहेब, वरून टाकलं तरी कमी व्हायलंय."

"हो."

"मग ऐकलं का न्हाई?"

सगळे ड्रायव्हर असंच सांगतात, हे मी त्याला कसं म्हणणार होतो?

"चल लातूरला," मी म्हणालो. "मी ताईंना सगळं सांगितलंय."

"ताईला तोंडी सांगून काय उपयोग? ताईनं ऐकलं ते एकटीनं न्हाई ऐकलं. सगळ्या वर्कशॉपानं ऐकलं. आता मला लातुरात कोण गाडी देतंय? तुम्ही कागदावर लिहिलं होतं ना, मग आताबी कागदावर लिहा. सही-शिक्क्यानिशी. आणि तिथंच लावा."

"मालक नको म्हणतात."

"मग मी हिथंच बरा हाय," म्हणून तो पुढच्या पोत्याकडे गेला.

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, पण बसवेना. उभा राहिलो. बायकोचा आणि दोन मुलांचा विचार येत होता. नवी शाखा, नवी पोस्ट, नुकतंच मिळालेलं क्वार्टर. आमच्या घराण्यात टेबलाखुर्चीवर बसलेला मी पहिला. ती खुर्ची माझ्या एका कागदाने जाईल हे मला कळत होतं. आणि त्याच खुर्चीच्या वजनाने सिस्टर गप्प बसली होती, हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे एरिया इंजिनिअर औरंगाबादहून आले. पाठक त्यांचं नाव. मी मागितलेले दोन दिवस कधीच उलटले होते आणि डॉक्टरांची तक्रार थेट कंपनीत गेली होती. मी त्यांना पार्टच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि बल्ब पेटवला. त्यांनी तीन फिल्टर तपासले.

"बाकीच्या दोघांचे रिपोर्ट तर तुम्हीच पाठवलेत, चालकाची चूक म्हणून," ते म्हणाले.

"ते मागे घ्यायचेत."

"वॉरंटी रिपोर्ट मागे घेता येत नाही. तशी पद्धतच नाही."

"मग नवा लिहितो."

"वाघमारे, विचार करा. धूळ म्हणून लिहिलं तर कुणालाच काही लागत नाही. वर्कशॉप लिहिलंत तर नाव तुमचं येतं."

"नाव माझंच आहे, साहेब."

मी डॉक्टरांच्या जीपचा रिपोर्ट केला आणि दोन्ही जुन्या रिपोर्टांचे नंबर टाकून नवे लिहिले. कारण लिहिलं, 'वर्कशॉपमध्ये चुकीच्या पद्धतीने फिल्टर साफ केल्यामुळे धूळ इंजिनात गेली. चालकाचा दोष नाही. पूर्वीचा निष्कर्ष माझ्या चुकीमुळे दिला गेला.' एक प्रत पाठकांना दिली. दुसरी मराठीत हाताने लिहिली, शिक्का मारला आणि जॉबकार्डांच्या खिडकीशेजारी नोटीस बोर्डावर लावली. तिसरी माधवला रजिस्टर पोस्टाने पाठवली.

भाऊंनी बोर्डावरचा कागद दुपारपर्यंत पाहिला नाही. पाहिला तेव्हा स्वतः काढला, घडी करून खिशात घातला आणि मला म्हणाले, "तू नांदेडला परत जा." आवाज चढवला नाही. पण दुपारपर्यंत वीसेक माणसांनी तो वाचला होता. त्यात औशाचे डॉक्टरही होते, आणि त्यांनी एकदा वाचलं की तालुक्याला कळतं.

माझी बदली झाली. इन्चार्जचा नांदेडच्या पार्ट काउंटरवर आलो. तिथे चार वर्षं होतो. महेबूबभाईंना कुणी काही बोललं नाही, कारण रिपोर्टात त्यांचं नाव मी कुठेच घातलं नव्हतं. कंपनीने बराच पत्रव्यवहार करून तिन्ही गाड्यांना लायनर, पिस्टन आणि रिंगा दिल्या. मजुरी आमच्या वर्कशॉपने सोसली. ज्या गाड्यांचे फिल्टर आम्ही फिरून बदलले होते, त्यांतल्या दोन पुढे धुरावर आल्या. बाकीच्या वाचल्या. वर्षभराने कंपनीने सगळ्या वर्कशॉपांना एक परिपत्रक काढलं की कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाने साफ करू नयेत. त्यात लातूरचा उल्लेख नव्हता. परिपत्रक इंग्रजीत होतं. काउंटरवर बसून मी त्याचं मराठी केलं आणि आमच्या प्रत्येक मिस्त्रीला वाचून दाखवलं.

माधव पावसाळ्यानंतर लातूरला परतला. बहिणीची जीप मात्र त्याने पुन्हा चालवली नाही. ज्या डॉक्टरांनी बोर्ड वाचला होता, त्यांनी त्याला आपल्या ओळखीने एका ऑफिसात ड्रायव्हर म्हणून लावून दिलं. सिस्टरने जीप दुसऱ्या माणसाकडे चालवायला दिली. दोघं बहीणभाऊ बोलायला लागले, हे मला तिच्याकडूनच कळलं. काही कामाने नांदेडला आली होती, तेव्हा माझ्या काउंटरवर फॅनबेल्ट घ्यायला थांबली. "बोलतो," म्हणाली, "पण पहिल्यासारखं थट्टा करून न्हाई बोलत." मी बेल्ट बांधून दिला.

आता मी निवृत्त आहे. लोक नवी गाडी घेतात आणि मला विचारतात, इंजिन लवकर खराब होऊ नये म्हणून काय करावं. मी सांगतो की गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचा, फिल्टर मळला तर उगीच झाडत बसू नका, वेळ झाली की सरळ बदला. आणि ड्रायव्हर म्हणाला की ऑइल कमी होतंय, तर आधी इंजिन तपासा. ड्रायव्हरला नंतर तपासलं तरी चालतं.